कुंपणाबाहेरचे यंत्र

कारखान्यातील यंत्र आणि त्याच्यापाशी राबणारा माणूस या दोहोंमध्ये काहीतरी आडोसा असलाच पाहिजे, हा दंडक इतका जुना आणि इतका सर्वमान्य आहे की, १९४८ च्या कारखाना अधिनियमाने २१ वे संपूर्ण कलम या एकाच गोष्टीसाठी खर्ची घातले आणि यंत्रांचे धोकादायक भाग भक्कम कुंपणाने बंदिस्त ठेवण्याची जबाबदारी कारखानदाराच्या शिरावर टाकली. परंतु त्याच कलमात मसुदाकारांनी बऱ्याचशा यंत्रभागांपुरती एक लहानशी सवलतही नमूद करून ठेवली होती, आणि कायद्याची कलमे हौसेने वाचणाऱ्या मोजक्या मंडळींपलीकडे तिच्याकडे सहसा कोणाचे लक्ष जात नसे: यंत्राचा भाग अशा ठिकाणी असेल, किंवा त्याची घडणच अशी असेल, की कुंपण घातल्यावर कामगाराला जितकी सुरक्षितता लाभली असती तितकीच ती कुंपणावाचूनही लाभते, तर कुंपणाची सक्ती नाही. छताजवळून फिरणारे दंड आणि पट्टे बहुधा मसुदाकारांच्या डोळ्यांसमोर असावेत. माणसाच्या खांद्याला खांदा लावून नट आवळणारा आणि तरीही घडणीनेच निरुपद्रवी असलेला यांत्रिक हात १९४८ साली कोणाच्या कल्पनेत असणे शक्य नव्हते. आज असे हात चाकणच्या जुळणीमार्गिकेवर काम करीत आहेत. त्यांना इंग्रजीवरून कोबॉट म्हणतात, आणि मराठीत सहयोगी यंत्रमानव म्हणावयास हरकत नाही.

हे यंत्र नवे कशामुळे, हे समजण्यासाठी जुन्या यंत्रमानवाची थोडी ओळख करून घ्यावी लागते. जॉर्ज डेव्हॉल या अमेरिकी संशोधकाच्या कल्पनेतून आणि जोसेफ एंगलबर्गर याच्या व्यापारी चिकाटीतून जन्मलेला ‘युनिमेट’ हा पहिला औद्योगिक यंत्रमानव १९६१ साली न्यू जर्सीतील जनरल मोटर्सच्या कारखान्यात रुजू झाला, आणि साच्यातून निघालेले धातूचे रसरशीत ओतीव भाग उचलून बाजूला ठेवण्याचे, माणसाच्या कातडीला न सोसणारे काम त्याच्याकडे देण्यात आले. टनाहून अधिक वजनाचा हा हात बलवान होता, अथक होता आणि अक्षरशः आंधळा होता. शिकविलेली हालचाल तो पुन्हा पुन्हा करी, आणि वाटेत काय आले याची त्याला गंधवार्ता नसे. १९७९ च्या जानेवारीत मिशिगन राज्यातील फोर्डच्या फ्लॅट रॉक येथील ओतकामाच्या कारखान्यात एक तरुण कामगार सुटे भाग आणण्यासाठी साठवणीच्या घोडीवर चढला असता यांत्रिक हाताचा तडाखा बसून तो जागच्या जागी गेला. यंत्रमानवाच्या हातून झालेला तो पहिला मृत्यू मानला जातो. त्यातील भयंकर गोष्ट ही की, यंत्राला काही घडल्याचे कळलेच नाही. मृतदेह सापडेपर्यंत ते आपले काम करीत राहिले. अशा यंत्राभोवती तारेचा पिंजरा, पिंजऱ्याला दार, आणि दार उघडताच वीज तोडणारी कळ, असा बंदोबस्त सर्वत्र रूढ झाला यात नवल ते काय!

मात्र या पिंजऱ्याने मोटारीच्या कारखान्याची दोन राज्ये करून टाकली. वेल्डिंग आणि रंगकाम या विभागांत यंत्रमानवांचे एकछत्री साम्राज्य स्थापन झाले. आणि अंतिम जुळणी, म्हणजे वायरी ओवणे, रबराच्या पट्ट्या दाबून बसविणे, हात वाकडा करून आडजागेतला बोल्ट लावणे असली शेकडो किरकोळ कामे माणसाकडेच राहिली, कारण तेथे दर वितीवर बोटांची आणि डोळ्यांची गरज पडते. या दुसऱ्या राज्यात माणसाला यंत्राच्या ताकदीची मदत हवी होती, पण यंत्र आले की कुंपण येणार आणि कुंपण आले की माणूस बाहेर जाणार, हा पेच सुटत नव्हता.

तो सोडविण्याचा पहिला मार्ग अमेरिकेतील नॉर्थवेस्टर्न विद्यापीठाच्या एडवर्ड कोलगेट आणि मायकेल पेश्किन या दोन प्राध्यापकांना १९९६ साली सुचला, आणि तो इतका उलटा होता की आजही वाचताना गंमत वाटते. त्यांनी यंत्राची हालचाल करण्याची शक्तीच काढून घेतली. जड वस्तू पुढे ढकलावयाची ती कामगाराने; यंत्राने केवळ आपल्या चाकांची दिशा बदलीत राहून ती वस्तू ठरलेल्या वाटेवरून भरकटणार नाही, एवढेच पाहावयाचे. वस्तू मोटारीच्या दरवाजाच्या चौकटीवर आदळण्याच्या बेताला आली की यंत्र जणू एक अदृश्य भिंत उभी करी आणि कामगाराचा जोर त्या भिंतीच्या कडेने वळवी. स्वतःहून हलूच न शकणारे यंत्र कोणाला तडाखा देणार? पुढे जे कोबॉट बाजारात आले त्यांना मोटारी आहेत आणि ते आपणहून हलतात. तरी यंत्राची सत्ता कमी करून त्याला माणसाजवळ आणावयाचे, हे मूळ सूत्र त्यांनी सोडलेले नाही.

कारखानदारांच्या खरोखर उपयोगी पडलेला कोबॉट घडला तो डेन्मार्कमधील ओडेन्स या गावी. तेथील तीन तरुण संशोधकांनी २००५ साली युनिव्हर्सल रोबॉट्स ही कंपनी काढली आणि २००८ च्या डिसेंबरात आपला पहिला हात लिनाटेक्स नावाच्या डॅनिश उद्योगाला विकला. या ‘यूआर ५’ हाताचे स्वतःचे वजन सुमारे १८ किलो, त्याची पोच ८५० मिलिमीटर, आणि उचलण्याची ताकद अवघी ५ किलो. जुन्या पद्धतीच्या अभियंत्यांना हा प्रकार खेळण्यातला वाटला असल्यास त्यांना दोष देता येणार नाही. परंतु दोन माणसांनी उचलून टेबलावर ठेवावा, साध्या विजेच्या बटणावर चालवावा आणि काम संपल्यावर दुसऱ्या टेबलावर न्यावा, असा यंत्रमानव लहान कारखान्यांना तोवर कोणी दिलाच नव्हता. २०१५ साली टेराडाइन या अमेरिकी कंपनीने हा उद्योग २८ कोटी ५० लाख डॉलरना विकत घेतला. त्याआधी बोस्टनमध्ये रॉडनी ब्रूक्स या नामांकित शास्त्रज्ञाच्या रीथिंक रोबॉटिक्स या कंपनीने ‘बॅक्स्टर’ नावाचा दोन हातांचा कोबॉट २०१२ साली काढला होता. त्याला डोक्याच्या जागी पडदा होता आणि पडद्यावर इकडेतिकडे पाहणारे डोळे होते. वृत्तपत्रांतून त्याचे अमाप कौतुक झाले आणि २०१८ साली कंपनी बंद पडली. डॅनिश हाताला ना डोळे होते ना चेहरा; पण तो दर खेपेस त्याच ठिकाणी, एक दशांश मिलिमीटर इकडे किंवा तिकडे, येऊन थांबत असे. फिटरला शेजाऱ्याचा चेहरा नसला तरी चालते, माप चुकलेले चालत नाही.

आता हा हात जवळून पाहू. खांद्यापासून मनगटापर्यंत त्याला सहा सांधे असतात. प्रत्येक सांध्यात एक विजेची मोटार, तिचा वेग उतरवून जोर वाढविणारी दातेरी योजना, आणि सांधा नेमका किती अंश फिरला हे सतत सांगणारा मापक बसविलेला असतो. अमुक वजन घेऊन अमुक गतीने फिरावयाचे तर मोटारीला किती वीज लागली पाहिजे, याचा हिशेब नियंत्रक क्षणोक्षणी मांडीत असतो आणि प्रत्यक्षात किती लागते आहे हे ताडून पाहतो. दोहोंत अकारण तफावत आढळली की वाटेत काहीतरी आले, असा त्याचा अर्थ होतो आणि हात थांबतो. काही महागड्या हातांत प्रत्येक सांध्यात पीळ मोजणारे स्वतंत्र संवेदक असतात, म्हणून त्यांना अधिक हलका स्पर्शही कळतो. शिकविण्याची रीत तर फारच सोपी. शिकविणाऱ्याने एक कळ दाबून धरली की सांधे सैल पडतात, आणि झोपलेल्या मुलाचा हात उचलावा तसा तो हात हवा तेथे नेता येतो. येथे पकड, येथे सोड, येथे जरा थांब, असे एकेक ठिकाण दाखवून नोंदवून ठेवले की आयटीआयमधून नुकताच बाहेर पडलेला मुलगाही थोड्या सरावानंतर त्याला कामाला लावू शकतो. आज्ञावली लिहिणारा तज्ज्ञ दर वेळी बोलावण्याचे कारण उरत नाही.

परंतु थांबतो म्हणजे किती जोर लागल्यावर थांबतो? येथे या विषयातील सर्वांत विलक्षण दस्तऐवज आपल्यापुढे येतो. २०१६ साली आंतरराष्ट्रीय मानक संघटनेने सहयोगी यंत्रमानवांसाठी जे तांत्रिक विनिर्देश प्रसिद्ध केले, त्यांत मानवी शरीरावरील २९ बिंदूंची नोंद असून तेथे किती दाब चालेल याचे कोष्टक दिलेले आहे. बोटे आणि तळहात यांना १४० न्यूटनपर्यंत, म्हणजे अंदाजे १४ किलो वजन टेकविल्याइतका जोर; चेहऱ्याला अवघा ६५ न्यूटन; हात चिमटीत न सापडता नुसता धक्का बसून बाजूला होत असेल तर बोटांना १४० च्या दुप्पट. हे आकडे कोणी खुर्चीत बसून ठरविलेले नाहीत. जर्मनीतील माइन्त्स येथील विद्यापीठात स्वयंसेवकांच्या अंगावर हळूहळू दाब वाढवीत नेऊन, दाब कोणत्या क्षणी दुखू लागतो, हे त्यांनाच विचारून या आकड्यांची आधारसामग्री जमविण्यात आली. इजा कोठे सुरू होते हे न पाहता वेदना कोठे सुरू होते हे पाहिले गेले, ही गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. इतकी वर्षे कारखान्यातील सुरक्षिततेचा हिशेब तुटलेली बोटे आणि भरपाईचे दावे यांवरून मांडला जात असे. येथे प्रथमच ‘आई गं!’ म्हणण्याआधीची घटका मापून तिच्या अलीकडे यंत्राची हद्द आखून देण्यात आली.

या हद्दीची किंमत अर्थात मोजावी लागते. धक्क्याचा जोर वजनावर आणि वेगावर अवलंबून, तेव्हा माणसाशेजारचा यंत्रमानव हलका आणि सावकाश असावा लागतो, आणि ज्याला मिनिटाला ढिगाने माल हवा आहे त्याच्या तो कामाचा नाही. शिवाय हात कितीही गरीब असला तरी त्याच्या मुठीत धारदार पत्रा दिला की तो सुरी धरलेला हात झाला. म्हणूनच २०२५ साली सुधारून निघालेल्या यंत्रमानवविषयक मानकाने यंत्राला सहयोगी म्हणण्यापेक्षा विशिष्ट जागी योजलेल्या विशिष्ट कामाला सहयोगी म्हणावे, अशी भूमिका घेतली आहे. यंत्राच्या खोक्यावर चिकटविलेले प्रमाणपत्र दाखवून कारखानदाराची सुटका होत नाही. हत्यार कोणते, वस्तू कोणती, कामगाराचे तोंड कोणत्या उंचीवर येते, हे सारे त्याने जागेवर तपासून लिहून ठेवले पाहिजे.

आपल्याकडे ही यंत्रे प्रथम आणली ती बजाज ऑटोने. २०१० पासून चाकणच्या कारखान्यात मोटारसायकलींच्या जुळणीसाठी ती बसविण्यास आरंभ झाला आणि काही वर्षांतच त्यांची संख्या शंभरावर गेली. जागेची टंचाई हे एक कारण होते. कुंपणे घालून यंत्रमानव बसवावयाचे तर मार्गिकेची मांडणीच विस्कटली असती. दुसरे कारण अधिक लक्षात ठेवण्याजोगे आहे. चाकणच्या काही मार्गिकांवर स्त्रियांचा भरणा मोठा, आणि जुळणीच्या कामात कौशल्याच्या जोडीला जे निव्वळ ढोर कष्ट असतात, म्हणजे तोच बोल्ट त्याच जोराने पाळीभर आवळीत राहणे, ते यंत्राकडे सोपविता आले. खांदा आणि मनगट यांचा जाच यंत्राने घ्यावा आणि बोटांचे, नजरेचे काम बाईने करावे, अशी ही वाटणी आहे. बीएमडब्ल्यू कंपनीने २०१३ साली दक्षिण कॅरोलिनातील स्पार्टनबर्गच्या कारखान्यात हीच वाटणी केली: दरवाजाच्या आतील बाजूस आवाज आणि ओल अडविणारा जो पापुद्रा चिकटवितात, तो कामगार नुसता अलगद लावून देतो आणि रूळ फिरवून सर्व बाजूंनी सारख्या जोराने दाबण्याचे काम कोबॉट करतो. पूर्वी तो रूळ माणसेच हाताने फिरवीत, आणि त्या कामाने मनगटे भरून येत.

एवढे सांगितल्यावर एक कबुली या धंद्याच्या वतीने देणे भाग आहे. जगात बसविलेल्या कोबॉटांपैकी फारच थोडे माणसाबरोबर खऱ्या अर्थाने एकाच वस्तूवर काम करतात. पुष्कळसे सीएनसी लेथच्या तोंडाशी उभे राहून कच्चा तुकडा आत घालतात आणि झालेला बाहेर काढतात. माणूस अधूनमधून येऊन टोपली बदलतो आणि निघून जातो. कुंपणाचा खर्च वाचतो, जागा वाचते, शिकविणे सोपे, एवढ्यावर ग्राहक खूश असतो. त्यात वावगे काही नाही. मात्र माहितीपत्रकात स्मितहास्य करणारा कामगार आणि यंत्र यांचे जे हस्तांदोलन छापलेले असते ते जाहिरातदाराच्या खाती जमा करावे. संख्येच्या दृष्टीनेही प्रमाण सांभाळले पाहिजे: २०२३ साली जगभर सुमारे ५ लाख ४१ हजार औद्योगिक यंत्रमानव नव्याने बसविले गेले, त्यांत कोबॉटांचा वाटा दहा टक्क्यांच्या आसपास होता, भारतात त्या वर्षी ८,५१० यंत्रमानव बसले आणि त्या हिशेबाने आपला क्रमांक जगात सातवा लागला.

दुसऱ्या बाजूने, सर्वच काम यंत्राकडे देण्याचा हव्यास कोठे नेतो याचीही साक्ष निघालेली आहे. टेस्ला कंपनीने बॅटरीवर काचतंतूंची मऊ चटई उचलून ठेवण्यासाठी यंत्रमानव नेमला; लोळागोळा होणारी ती चटई त्याला धड उचलता येईना, आणि अखेर चौकशीअंती चटईची मुळी गरजच नाही असे निष्पन्न झाले. २०१८ च्या एप्रिलमध्ये इलॉन मस्क यांनी अति यांत्रिकीकरण ही आपली चूक होती आणि माणसाची किंमत कमी लेखली गेली, अशी जाहीर कबुली दिली. मर्सिडीजने तर जर्मनीतील झिन्डेलफिंगनच्या कारखान्यात त्याआधीच काही मोठे यंत्रमानव हलवून माणसे वाढविली होती, कारण गिऱ्हाइकांच्या नाना आवडीनिवडींप्रमाणे दर गाडी निराळी, आणि ते निराळेपण दर वेळी यंत्राला शिकवीत बसण्यापेक्षा माणसाला सांगणे स्वस्त पडत होते.

आता कारखान्यातून गोदामात येऊ, कारण तेथे याच कथेने वेगळेच वळण घेतले आहे. मिक माउंट्झ या गृहस्थांनी २००३ साली अमेरिकेत कीवा सिस्टिम्स ही कंपनी काढली. वस्तू शोधीत माणसाने गोदामभर पायपीट करावयाची, ही जुनी रीत. माणसाने एके ठिकाणी उभे राहावे आणि मांडणीनेच त्याच्यापर्यंत चालत यावे, ही माउंट्झ यांची युक्ती. बसक्या पेटीसारखी एक चाकांची गाडी जमिनीवर चिकटविलेल्या खुणा वाचीत मांडणीखाली शिरते, आपला मधला स्क्रू फिरवून तिला बोटभर वर उचलते, आणि मांडणी भोवऱ्यासारखी फिरू नये म्हणून स्वतः तितकीच उलट दिशेने वळते. वरची मांडणी जागच्या जागी स्थिर आणि खालची पेटी गिरकी घेत असलेली, हे दृश्य पाहण्यासारखे असते. ॲमेझॉनने २०१२ साली ही कंपनी ७७ कोटी ५० लाख डॉलरना घेतली, आणि २०२५ मध्ये आपल्या गोदामांतील यंत्रमानवांची संख्या दहा लाखांवर पोहोचल्याचे जाहीर केले.

पण या गोदामात कुंपण परत आले. मांडण्या जेथे फिरतात ते विस्तीर्ण पटांगण माणसाला बंद. माणूस त्याच्या कडेला, एका खिडकीपाशी, पाळीभर उभा. पटांगणात दुरुस्तीसाठी शिरणाऱ्याला संदेश सोडणारे विशिष्ट जाकीट घालावे लागते, म्हणजे गाड्या त्याला ओळखून वाट सोडतात. याच कंपनीला २०१६ साली एका पेटंटात अशा पटांगणातून माणसाला नेण्यासाठी गाडीवर बसविलेल्या पिंजऱ्याचा आराखडा मंजूर झाला होता. दोन वर्षांनी तो लोकांच्या नजरेस आल्यावर गदारोळ झाला आणि तसे काही करण्याचा विचार नसल्याचे कंपनीच्या अधिकाऱ्याने सांगितले. हे म्हणणे खरे मानण्यास माझी हरकत नाही. तथापि अर्ध्या शतकापूर्वी पिंजऱ्यात यंत्र होते आणि या आराखड्यात माणूस होता, हा फेरफार एखाद्या अभियंत्याच्या लेखणीतून सहजगत्या उतरला, याची नोंद तरी ठेवावी लागेल.

पायपीट वाचली म्हणजे श्रम कमी झाले, असे वरकरणी वाटते. प्रत्यक्षात मांडणीमागून मांडणी खिडकीशी हजर होत राहते, चालण्यात मिळणारी दोन क्षणांची उसंत नाहीशी होते, आणि तासाला किती वस्तू काढावयाच्या हा आकडा चढत जातो. ‘रिव्हील’ या अमेरिकी शोधपत्रकारिता संस्थेने २०२० साली कंपनीच्याच अंतर्गत नोंदी तपासून, यंत्रमानव असलेल्या गोदामांत गंभीर दुखापतींचे प्रमाण इतर गोदामांच्या सुमारे दीडपट असल्याचे दाखवून दिले; कंपनीने हा अर्थ नाकारला. अलीकडे तेथे ‘व्हल्कन’ नावाचा, स्पर्श ओळखणारा हात आला आहे. तो मांडणीच्या सर्वांत वरच्या आणि सर्वांत खालच्या कप्प्यांतील माल हाताळतो, म्हणजे माणसाला शिडी चढावी लागत नाही आणि कमरेत वाकावे लागत नाही. मनगटाचा भार यंत्राने घ्यावा, ही चाकणचीच वाटणी येथे कमरेला लागू झाली, आणि ती चांगलीच आहे. राहिला प्रश्न वेगाचा. चाकणचा कोबॉट जोराची मर्यादा पाळतो, कारण ती कोणीतरी मोजून लिहून ठेवली. खिडकीशी उभ्या असलेल्या माणसाच्या वेगाला असे कोष्टक नाही. कॅलिफोर्निया राज्याने २०२१ साली कायदा करून, गोदामातील कामगाराला त्याचा ठरीव आकडा लेखी कळविलाच पाहिजे आणि जेवणाची सुट्टी किंवा लघुशंकेला जाणे अशक्य होईल असा आकडा लादता येणार नाही, असे फर्मावले, तेव्हा त्या दिशेने पहिले पाऊल पडले.

भिवंडीत यंत्रमागांच्या खडखडाटाशेजारी, विशेषतः २०१७ मध्ये वस्तू व सेवा कर लागू झाल्यानंतर, मैलोगणती गोदामे उभी राहिली आहेत. त्यांतील बहुतेक काम अजून हातगाडी, पॅलेट ट्रक आणि बारकोड वाचणारा स्कॅनर यांवर चालते. मजुरी स्वस्त असेपर्यंत यंत्राचा हिशेब जमत नाही, हे तेथील मालक मोकळेपणाने मान्य करतात. तरी नोएडाची ॲडव्हर्ब आणि मूळची गुरुग्रामची ग्रेऑरेंज यांसारख्या देशी कंपन्या याच यंत्रांच्या धंद्यात आहेत, आणि बंगळुरूजवळ फ्लिपकार्टने पार्सलांची वर्गवारी करणाऱ्या चाकांच्या गाड्या २०१९ सालीच चालू केल्या. पुणे पट्ट्यातील मोठ्या कारखान्यांत वेतनकराराच्या वेळी उत्पादनाचा आकडा हा वाटाघाटीचा विषय असतो. युनियन तो वाढवून देण्याच्या बदल्यात काहीतरी मागून घेते, आणि यंत्र आले तर त्या आकड्याचे काय, हेही त्याच टेबलावर विचारता येते. भिवंडीत कंत्राटदारामार्फत आलेल्या मुलाच्या स्कॅनरवर तासाचे लक्ष्य उमटते, तेव्हा ते कंत्राटदाराने ठरविले, गोदामवाल्याने की माल पाठविणाऱ्या कंपनीने, याचा पत्ता त्याला नसतो. आणि उद्या त्याच्यापुढे मांडण्या आपणहून चालत येऊ लागल्या, तर ते लक्ष्य कोणी आणि कशावरून वाढविले हे विचारण्याची सोय कामगारखात्याने आधी करून ठेवावी लागेल.